कानातलं

"हत्यारं वाजली की मी उठनार. आदीच सांगून ठिवते," बयाबाई म्हणाली.

डॉक्टर चौगुले हसले. पण ही म्हातारी खरंच उठते, हे त्यांना माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी साताऱ्यात एका दवाखान्यात गुडघा बदलायला तिला टेबलावर घेतलं होतं. भूल द्यायच्या आधीच ट्रेमध्ये हातोडी खणकन वाजली आणि बाई खाली उतरून, अंगावरच्या हिरव्या गाऊनसकट, सरळ रिक्षात जाऊन बसली. तेही त्याच गुडघ्यानं.

तिचं हृदय नाजूक. पूर्ण भूल देता येत नव्हती. कमरेखालचा भाग बधिर करून जागेपणीच काम उरकायचं होतं. मध्येच घाबरून ती हलली, तर गुडघा कायमचा गेला असता. आणि म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला आपल्या पायानं जायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

"आवाज कानावर पडूच दिला नाही तर?" डॉक्टरांनी विचारलं.

बयाबाईनं पदर मागं सारून उजवा कान पुढं केला. "त्ये कसं करनार?"

"गाणी लावू. तुम्ही सांगाल ती."

"मग आमच्या अंजीच्या ओव्या लावा. जात्यावरच्या."

अंजना म्हणजे तिची धाकटी बहीण, म्हसवडला राहणारी. नात साक्षीनं लगेच फोन केला आणि संध्याकाळपर्यंत तासाभराच्या ओव्या मोबाइलवर आल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षी खाली फॉर्मवर सह्या करत होती. इकडं नर्स क्रांतीनं बयाबाईला गाऊन दिला.

"आजी, गळ्यातलं, हातातलं, कानातलं, सगळं काढून द्या. आत काही चालत नाही."

बयाबाई शिस्तीची. तिनं एकेक वस्तू उतरवली, रुमालात घातली आणि गाठ मारली. ती पुरचुंडी क्रांतीनं साक्षीकडं दिली. साक्षीनं ती तशीच पर्समध्ये टाकली.

पाठीत सुई दिली. पाय बधिर झाले. क्रांतीनं स्पीकर लावला आणि अंजनाचा खणखणीत आवाज सगळ्या खोलीत भरला.

करवत सुरू झाली तशी सगळ्यांची नजर बयाबाईच्या तोंडाकडं गेली. ती छताकडं बघत गालात हसत होती.

"बरं वाटतंय का आजी?" डॉक्टरांनी मास्कमधून विचारलं.

"व्हय."

"आवाज वाढवू?"

"व्हय."

क्रांतीनं आवाज वाढवला.

"फार मोठा झाला का?"

"व्हय."

क्रांतीनं कमी केला. असं दोनदा झाल्यावर तिनं स्पीकरचा नाद सोडला.

मग हातोडी पडायला लागली. सगळ्यांनी श्वास रोखला. बयाबाईच्या नाडीत काडीचाही फरक नाही. डॉक्टर खुशीत येऊन ओवीवर मान डोलवायला लागले, तशी त्यांच्याकडं बघून तीही डोलवायला लागली.

काम फत्ते झालं. इतका शांत पेशंट डॉक्टरांनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. पुढच्या महिन्यात साताऱ्यात डॉक्टरांची बैठक होती. तिथं उभं राहून हे सांगायचंच, असं त्यांनी हात धुताना ठरवून टाकलं. सुरुवात कोणत्या वाक्यानं करायची, तेही ठरलं.

बयाबाईला खोलीत आणल्यावर ते मुद्दाम भेटायला गेले. साक्षीचे डोळे भरून आले होते.

"आजी, जिंकलात," डॉक्टर म्हणाले. "बहिणीच्या ओव्यांनी कमाल केली बघा."

बयाबाईनं त्यांचा हात हातात घेतला. "लय चांगला दवाखाना हाय तुमचा. कशाकशाचा म्हून आवाज न्हाई."

मग ती नातीकडं वळली. "साक्षे, त्यो रुमाल सोड गं. त्यातलं माजं कानातलं मशीन दे आदी. डाक्टर मगापासनं कायतरी बोलाय लागल्यात, आन अंजीच्या ओव्या कवा लावनार, त्ये बी इचारायचं हाय."