सरावाचा पेशंट

"दोर ढिला व्हायच्या आधी जवळ काहून आलास?" भावसिंगनं शिवहारला दरडावलं. जीप चिखलातून जवळपास वर आली होती. "गाडी मागं घ्या. पुन्हा पहिल्यापासून."

शिवहार गुपचूप मागं सरला. पुसेगावच्या जीपवाल्यांना रुतलेली गाडी काढायला शिकवायचं भावसिंगनं मनावर घेतलं होतं, आणि त्यात तो कोणाच्या बापाचं ऐकत नसे. मागच्या पावसाळ्यात त्याच्या बायकोला हिंगोलीच्या दवाखान्यात नेताना गाडी याच ओढ्यात रुतली. सगळं गाव धावलं, जो तो ओढायला लागला, दोर तुटून दोघं जायबंदी झाले आणि त्या गोंधळात गाडीतली बाई गाडीतच गेली. तेव्हापासून घरात तो आणि चूल. चूल तरी रोज कुठं पेटायची म्हणा.

म्हणून दर रविवारी हा सराव. एक जीप मुद्दाम रुतवायची. चाकांपुढचा चिखल उपसून तुराट्या टाकायच्या. दुसऱ्या जीपचा लोखंडी दोर रुतलेल्या गाडीखालच्या चासीला बांधून त्यावर ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटला तरी उसळत नाही. मग सगळ्यांनी लांब व्हायचं आणि इशारा एकट्यानंच द्यायचा.

रुतलेल्या जीपमध्ये पेशंट म्हणून आडवी व्हायची चंदाबाई. शेतातल्या आखाड्यावर, खोपटात, एकटी राहणारी म्हातारी; लेक पुण्याला गेला तो फिरकलाच नाही. तिला या कामाची भारी हौस. "मेले रे, हिंगोलीला न्या रे," असा गळा काढायची की पोरं हसून बेजार. आठवड्यातून भावसिंगला हसू यायचं ते तेवढंच.

आज मात्र ती मुकाट पडून होती.

"मावशी, आज कण्हून न्हाई राहिल्या?" शिवहारनं चिडवलं.

"कण्हल्यानं तुमी कव्हा गाडी लवकर काढली?"

सगळे हसले. जीप पुन्हा ओढ्यात उतरायला लागली.

"राहू दे की आता, भावसिंगा," ती आतून म्हणाली. "हिंगोलीला चाल."

"नेतो, नेतो. आधी गाडी तर नीट निघू द्या."

या खेपेला कोणी चुकलं नाही. सगळे लांब उभे राहिले. भावसिंगनं हात हलवला, दुसऱ्या जीपनं दोर हळूहळू ताणला आणि रुतलेली जीप झटका न बसता वर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भावसिंगच्या मनात आलं, त्या दिवशी अशीच काढली असती तर बायको आज घरात असती.

डोळे पुसून तो जीपच्या मागं गेला आणि त्यानं हात पुढं केला.

"झालं, मावशी. आज सगळे पास. उतरा."

चंदाबाईनं त्याचा हात धरला. तिचा हात गार आणि घामानं ओला होता.

"उतरवू नको, बाबा. पहाटपासून छातीत कळा येऊन राहिल्या. आखाड्यावर कोनाला सांगू? तुमच्या गाडीचीच वाट बघून राहिले व्हते."