उसव!

या, जरा जवळ सरकून बसा, एका अंगठीची गोष्ट सांगते. ती जिच्या बोटात असेल, तिच्यावर बघणाऱ्याचा जीव जडायचा.

एका शिंपीणबाईने ती घातली, तीही एकाच हावेपोटी. तिला शिवण शिकवणारी आई कधी ‘छान’ म्हणायची नाही, टाका बघायची आणि म्हणायची, “उसव!” अंगठी घातली मात्र, आई लोण्यासारखी विरघळली. “वा गं माझी गुणाची!” लेकीला आभाळ ठेंगणं झालं. पण मनात पाल चुकचुकली, म्हणून तिने मुद्दाम एक बाही उलटी जोडली. आई त्यावरूनही हात फिरवून म्हणाली, “काय सुरेख!”

लेकीने लगेच अंगठीला हात घातला. काढायला गेली, तर अंगठी बोटात रुतलेली. साबण झाला, तेल झालं, शेवटी धावतच सोनाराकडे गेली. “दादा, कापा हो ही! मला माझी आई परत हवी आहे.” सोनाराने करवत उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि करवत हळूच खाली ठेवली.

“ताई, तुमच्या बोटाला करवत लावू? छे, माझ्याने नाही व्हायचं!”

देवाचं नाव घ्याल, तेव्हा तिचीही आठवण ठेवा. कुणीतरी तिला ‘उसव’ म्हणावं, एवढंच मागा.