राहिलेलं गाणं

“अहो, नावेचं गाणं राहिलं!”

मैदान माणसांनी गच्च भरलं होतं, तरी दादाची ती हाक थेट मंचापर्यंत गेली होती. आवाजच तसा त्याचा. गल्लीच्या टोकावरून धाकट्या बहिणीला जेवायला हाक मारली, तर शेजारची पोरंही हात धुऊन यायची. गायक हसला होता, माइक तोंडाशी धरून म्हणाला होता, “राहिलं कसं? तुझ्यासाठीच ठेवलंय.” आणि मग ते गाणं झालं होतं. धाकटीच्या कानात ती हाक अजून ताजी होती. दादाच्या गळ्यात मात्र ती उरली नव्हती. आजारपणात त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं.

त्याच कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम आज बाजारात आला. रेकॉर्डच्या दुकानाचं शटर पुरतं वर गेलं नव्हतं, तोच ती दादाला घेऊन दारात हजर. तिच्या अंगात त्याच गायकाच्या बँडच्या नावाचा टी-शर्ट, धुऊन धुऊन अक्षरं पुसट झालेला.

“या ताई. बँडवाल्यांच्या घरी नसतील एवढे त्यांचे अल्बम तुमच्या घरी असतील,” दुकानदार म्हणाला. “तुमचा बाजूला काढून ठेवलाय.” मग त्याने मागे पाहिलं. “काय दादा, बऱ्याच दिवसांनी?”

दादाचा हात खिशाकडे गेला.

“त्याला बोलता येत नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावता का? जरा आधीपासून लावा. त्यात याची हाक आहे.”

दादाच्या खिशात यंत्र होतं. गळ्याला टेकवलं की ओठांवरचे शब्द घरघरत बाहेर पडायचे, सगळे एकाच पट्टीत, ना चढ ना उतार. दवाखान्यातून आल्यावर त्याने ते लावून पहिल्यांदा तिचंच नाव घेतलं होतं. तिच्या अंगावर काटा आला होता. “राहू दे दादा,” ती म्हणाली होती, “मला तुझ्या खुणा कळतात.” तेव्हापासून घरात खुणाच चालत. यंत्र मात्र तो रोज चार्जिंगला लावायचा. कशासाठी, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

दुकानदाराने तबकडी उलटी केली, सुई टेकवली. टाळ्या. गिटारची तार जुळवल्याचा आवाज. तिने दादाचं मनगट घट्ट धरलं.

“आता बघ. आता येईल.”

टाळ्या ओसरल्या. क्षणभर स्पीकरमध्ये काहीच नव्हतं. मग गायक हसला. “राहिलं कसं? तुझ्यासाठीच ठेवलंय.”

“मागे घ्या,” ती म्हणाली.

दुकानदाराने सुई मागे घेतली. टाळ्या, तार, शांतता, हसू. मधली हाक नव्हतीच; गायक हवेलाच उत्तर देत होता.

“आणखी एकदा. आवाज वाढवा.”

“वाढवून काय होणार, ताई? नाहीच ते त्यात.” दुकानदाराने तरी आवाज वाढवला. “हल्ली सगळं साफ करून घेतात. मधलं ओरडणं, शिट्ट्या, कोणाचा खोकला. कानाला गोड लागतं मग.”

“तो खोकला नव्हता,” ती म्हणाली. “माझा भाऊ होता तो.”

दादाने मनगट सोडवून घेतलं. अगदी हळू, गाठ सोडवावी तसं. खिशातून यंत्र काढलं आणि गळ्याला लावलं.

“इथे नको दादा,” ती चटकन म्हणाली. “खुणेने सांग. मी सांगते त्यांना.”

दुकानदाराने सुई उचलली. त्या घरघरीत राग होता की माया, कळायला वाव नव्हता. शब्द मात्र एकेक सुटा ऐकू आला.

“मला बोलता येतं, चिमे. तुलाच ते ऐकवत नाही.”