शाई वाळेपर्यंत

घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून मंदाकिनीबाई नवऱ्याला घेऊनच विधानसभेच्या मतदानाला गेल्या. सावळाराम गुरुजींना विस्मरणाचा आजार होता. दोन वर्षं ते बायकोला परकी समजत आणि तिनं हात धरला की झटकून टाकत.

शाळेतलं मतदान केंद्र दिसताच गुरुजींची पाठ ताठ झाली. तीस वर्षं त्यांनी निवडणुकीची ड्यूटी केली होती. ते थेट जाऊन बोटाला शाई लावणाऱ्या मुलीशेजारी उभे राहिले. मंदाकिनीबाई ओशाळून माफी मागू लागल्या. मुलीनं केंद्राध्यक्षांकडे पाहिलं, त्यांनी मानेनंच होकार दिला, तशी ती खुर्चीवरून उठली. "बसा, गुरुजी."

गुरुजींनी समोर पाहिलं. "नाव?"

"मंदाकिनी सावळाराम तांडेल."

"डावा हात द्या, बाई."

बायकोच्या तर्जनीवर त्यांनी नेमकी रेघ ओढली आणि हळूच फुंकर घातली. "वाळेपर्यंत थांबा. पदराला लागेल," असं म्हणून त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

मंदाकिनीबाईंचे डोळे भरून आले. मागे रांग खोळंबली होती, पण घाई कुणीच केली नाही.