हनुमानची पलटण

वाळूजच्या कंपनीत काम करणाऱ्या हनुमानला बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक रंगवायचा नाद होता. मित्रमंडळी ते टेबलावर मांडून लढाईचा खेळ खेळायची. सुरुवातीला त्याच्या सैनिकांची तोंडं रंगात बुचकळल्यासारखी दिसायची आणि सगळे हसायचे. पण वर्षानुवर्षं हात बसत गेला. आता तर एकेका सैनिकाच्या डोळ्यातलं बुबुळसुद्धा उठून दिसायचं. रंगकामाच्या स्पर्धेत दरवर्षी हात हलवत परतणाऱ्या हनुमानला यंदा पहिल्या नंबराची खात्री होती.

दुष्काळामुळं मेंढरांचा कळप भावाच्या हवाली करून पिशोरहून आलेले त्याचे वडील, मुंजाबा, नव्या फ्लॅटच्या कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होते.

"उद्या स्पर्धेत दुसऱ्यांचेबी असतील का रं?"

"व्हय आबा, लई असतील. सगळे एकाच टेबलावर मांडणार."

मुंजाबांच्या कपाळावर आठी पडली.

सकाळी हनुमान आंघोळ करून बाहेर आला, तर एकूण एक सैनिकाच्या पाठीवर लाल रंगाचा जाड पट्टा ओढलेला. शेवटच्या सैनिकाला मुंजाबा फुंकर घालून वाळवत होते.

"आबा! हे काय करून ठेवलं?"

 

"येवढी वर्षं रंगवतोस, अन् एकाच्याबी पाठीवर खूण नाय! दुसऱ्याच्या कळपात घुसले म्हंजी आपले वळखशील कसे?"