रुद्रभुजाची अडचण

"वाच की रे," धनुष म्हणाला. "चार दिवस सुम्ने, नुसता पडून आहे मी. हा पंखा बघून बघून वीट आला."

सुदीपने पिशवीतून पुस्तक काढलं. त्याला वाचायचं नव्हतं. खरं तर आस्पत्रीत त्याच्या खाटेपाशी यायचंच नव्हतं. पण न येणं त्याहून वाईट दिसलं असतं.

कडकोळच्या कारखान्यात दोघं शेजारशेजारच्या पंचिंग मशीनवर, दोघंही कंत्राटी. सहा वर्षं सरस्वतीपुरमहून कंपनीच्या बसने जाताना सुदीप वाचायचा आणि धनुष ऐकायचा. मराठी दोघांच्याही घरात, पण धनुषची शाळा कन्नड. हिंदीच्या परीक्षेपुरती देवनागरी अक्षरं शिकला आणि पेपरबरोबर विसरला. सुदीपला मात्र अज्जांनी, म्हणजे आजोबा नरहरी टेलरांनी, कापडाचे तुकडे आवरता आवरता याच पुस्तकांवर वाचायला शिकवलं होतं.

बत्तीस पुस्तकं, नायक एकच. रुद्रभुज. पिळदार दंड, कमरेला वाघाचं कातडं, आणि डोकं फक्त शिरस्त्राण घालायला. समोर चेटकीण असो, अजगर असो की उलट्या पायांचा राजा, उपाय एकच, तलवार. ना घर ना दार, ना बायको ना पोरं, वर साहेब नाही, खाली कर्ज नाही. अशा माणसाला शूर व्हायला काय जातं हो! पण बसमधल्या कंत्राटी पोरांना तो देवासारखा होता. अर्धा तास का होईना, कोणी तरी कोणाला तरी घाबरत नाहीये, हे ऐकायला बरं वाटायचं.

"कुठे होतो आपण?" सुदीपने उगाच विचारलं.

"चंडवर्म्याच्या दारात. मित्र असून दरबारात खोटी साक्ष दिली त्यानं, म्हणून रुद्रभुज सात वर्षं कोठडीत सडला. आता सुटून आलाय. पुढं वाच."

धनुषचा उजवा हात उशीवर ठेवलेला होता. चार बोटं गेली होती. त्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच वरचा पंच खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण तसं करत बसलं की टार्गेट होत नाही. म्हणून सुपरवायझरने सगळ्या मशीनांचं एकेक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवायला लावलं होतं. आता कंपनी म्हणत होती, धनुषने स्वतःच पट्टी लावली. उद्या दहाला चौकशी. दोष त्याचाच ठरला तर नोकरीही गेली आणि भरपाईही. त्याच्या मशीनवर पट्टी कोणी लावली ते पाहिलेला माणूस एकच होता, शेजारच्या मशीनवरचा.

सुदीपने घसा साफ केला.

"'अरे अधमा!' रुद्रभुज गरजला. त्याच्या डोळ्यांतून अंगार बरसू लागला. समशेर विजेसारखी लखलखली. चंडवर्मा थरथर कापत त्याच्या चरणांवर कोसळला." तो थांबला. पुढचं पान त्याने घरीच वाचून ठेवलं होतं. "रुद्रभुजाने त्याच्याकडे पाहिलं. म्हणाला, 'ऊठ. तुझी पण काही अडचण असेल. तुला लहान पोरी आहेत. जा, माफ केलं तुला.'"

शेजारच्या खाटेवरचे रघुनाथराव कान देऊन ऐकत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं.

"माफ केलं?" धनुषने विचारलं.

"हं."

"रुद्रभुजानं?"

"तसं लिहिलंय."

"अय्यो, दार उशिरा उघडलं म्हणून दरवानाचं मुंडकं उडवलंय त्यानं! आठव्या पुस्तकात. तूच वाचलंस." त्याने सुदीपकडे नीट पाहिलं. "आणि अडचण? बत्तीस पुस्तकांत कधी अडचण म्हणाला रे तो?"

सुदीपच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून रागही येत होता.

"सही केलीस?" धनुषने हळूच विचारलं.

"हो."

"कधी?"

"आज दुपारी. ऑफिसात बोलावलं होतं."

"काय लिहिलंय?"

"पट्टी तूच लावलीस, आणि मी पाहिलं."

"आणि तुला काय?"

"एक तारखेपासून पर्मनंट." सुदीप पुढे झुकला. "धनू, ऐक ना. नाही म्हणालो असतो तर मलाही काढलं असतं. दोन पोरी आहेत रे मला, माझी पण काही—"

"ते मघाशी वाचलंस तू."

सुदीपने पुस्तक मिटलं. धनुषने डाव्या हाताने ते त्याच्याकडे सरकवलं.

"आता त्यात काय आहे ते वाच."

"जाऊ दे ना."

"वाच."

सुदीपने वाचलं. एक शब्द गाळला नाही. चंडवर्मा रडला, त्याने जुन्या मैत्रीची आण घातली, लेकरांची शपथ घातली. समशेर एकदाच फिरली. मस्तक पायऱ्यांवरून गडगडत अंगणात गेलं आणि रुद्रभुज मागे वळूनही न पाहता घोड्यावर बसला.

"भले शाबास!" रघुनाथराव म्हणाले. "हां, ही खरी गोष्ट!"

धनुष हसला नाही. ते ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सुदीप समोर बसला होता, मान शाबूत, कपाळावर घाम.

तेवढ्यात धनुषची बायको प्रार्थना खालच्या कँटीनमधून कॉफी घेऊन आली. तिने आधी सुदीपचा पेला भरला.

"संपली का गोष्ट?" तिने विचारलं. "सुदीपअण्णा, उद्या दहाला चौकशी आहे. रात्रभर झोप नाही मला. तुम्ही जाल ना?"

सुदीपने पेल्याकडे पाहिलं. तो घ्यायला त्याचा हात पुढे होईना.

"तो जाऊन आलाय," धनुष म्हणाला. "कॉफी दे त्याला."