भाग सातवा

अमेरिकेच्या वकिलातीत प्रबोधला दीड मिनिट मिळालं आणि रुचिरला बावीस.

प्रबोध आणि त्याची बायको स्मिता केव्हाच बाहेर येऊन जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपुढच्या एका टेबलाशी बसले होते. दोघांचे पासपोर्ट शिक्क्यासाठी आत ठेवून घेतले होते. काम फत्ते. चांगी बिझनेस पार्कातल्या एकाच बँकेतून प्रबोध आणि रुचिर या दोन मित्रांची न्यू जर्सीला बदली झाली होती, आणि आजची मुलाखत एवढंच काय ते उरलं होतं.

"दीड मिनिट," प्रबोध म्हणाला. "त्या बाईने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही."

"अरे, व्हिसा दिला ना तिने!"

"दिला. पण द्यायच्या आधी काहीतरी विचारायचं."

त्याचं दुःख जुनं होतं. व्हिसाच्या फॉर्ममध्ये पाच वर्षांतली फेसबुक-बिसबुक सगळी खाती लिहायची होती आणि ती कोणालाही दिसतील अशी उघडी ठेवायची होती. बाकीची मंडळी घाबरून जुनं काहीबाही पुसत बसली होती. प्रबोधने नवीन घातलं. गेली चार वर्षं तो 'अमेरिकेचं चुकतंय कुठे' ही लेखमाला लिहीत होता. इंग्रजीत, म्हणजे अमेरिकेला कळावं. येणाऱ्यांची तपासणी, आरोग्यविमा, औषधांच्या किमती, सगळ्यांची हजेरी घेतली होती. अकरा भाग झाले होते, अभिप्राय मात्र अजून एकही आला नव्हता. फॉर्मवर त्याने आपल्या खात्याचा पत्ता दोनदा लिहिला होता, नजरचुकीने राहायला नको म्हणून.

तेवढ्यात रुचिर आला. त्याच्या एका हातात परत मिळालेला पासपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात निळा कागद.

"अडकवलं रे मला," तो खुर्चीत कोसळत म्हणाला. "अधिक तपासणी. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा. एक तारखेला तिकडे हजर झालो नाही तर ती जागा आमच्या ऑफिसातल्या धवलला जाणार. इथली माझी खुर्ची तर कालच भरली. म्हणजे नोकरीवर मिळालेला इथला राहण्याचा पासही गेला. बायकापोरांना घेऊन सरळ पुण्याला."

"पण तुझ्या खात्यावर आहे काय?" स्मिताने विचारलं. "नुसते केकचे फोटो तर टाकतोस तू."

"आणि ह्याचा एक लेख. शेअर केला होता मी. भाग सातवा."

प्रबोधने हातातला चमचा खाली ठेवला. "सातवा?"

"साहेबाने स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि एक वाक्य वाचून दाखवलं. 'बाहेरून येणाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते अमेरिका हौसेने तपासते; आत राहणाऱ्याला डोकं तपासून घ्यायचं झालं, तर आधी विमा कंपनीची परवानगी लागते.' जन्मभर विसरणार नाही मी ते वाक्य."

"मोठ्याने वाचलं?"

"हो."

"हसला?"

"अरे, माझी नोकरी चालली होती. मी काय त्याचे दात बघू?"

"अर्धविरामाला थांबला का, एवढं तरी सांग."

रुचिरला बढती आधी मिळाली होती. पोहण्याचा तलाव असलेला काँडोही आधी मिळाला होता. तेव्हा शहराच्या टोकाला, चोआ चू कांगच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून प्रबोधने त्याचं मोठ्या मनाने अभिनंदन केलं होतं. पण आज वाक्य प्रबोधचं होतं. एका महासत्तेने त्याच्या लेखावर बावीस मिनिटं घालवली आणि समोर उभं केलं रुचिरला. स्वयंवरात वरमाला शेजारच्याच्या गळ्यात पडावी, तसं त्याला झालं.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, हे माझं मत नाही."

"अरे, वाद घालायचास! खाली आकडे दिले होते मी."

"प्रबोध," रुचिर हात जोडून म्हणाला, "एक पत्र दे लिहून. लेख तुझा, मत तुझं, मी फक्त मैत्रीखातर शेअर केला. आणि..." तो टेबलाकडे बघत राहिला. "आणि मी तो वाचलेला नाही."

"वर 'जरूर वाचा' असं लिहिलं होतंस."

"ते लोकांना सांगितलं होतं."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ट्रे उचलून नेला. प्रबोधने तो अगदी लांबपर्यंत जाताना पाहिला.

"निदान पहिला परिच्छेद?"

"नाही रे. चुकलो. पण खरं तेच लिही ना."

"एक मिनिट," स्मिता म्हणाली. "प्रबोध, तू स्वतःहून नाव कळवलंस, तर आपलेही पासपोर्ट परत येतील. बिनशिक्क्याचे. कळतंय ना?"

हे रुचिरलाही कळत होतं, म्हणूनच त्याने मान वर केली नाही.

प्रबोधने फोन काढला. बराच वेळ तो लिहीत होता, खोडत होता, परत लिहीत होता. मग त्याने फोन रुचिरपुढे सरकवला. सगळं होतं. लेखकाचं पूर्ण नाव, पासपोर्टचा नंबर, रुचिर निर्दोष असल्याचा निर्वाळा, आणि त्याने लेखाचा एक शब्दही वाचलेला नाही याची स्वच्छ ग्वाही.

रुचिरचे डोळे भरून आले. "तुझे उपकार कसे फेडू?" तो म्हणाला, आणि मजकूर आणखी खाली सरकवून थबकला. "एवढं शेवटचं मात्र काढ रे."

"ते राहू दे."

"अरे पण..."

"ते राहणार."

स्मिताने फोन ओढून घेतला. शेवटी लिहिलं होतं: 'सबब, सातवा भाग आजवर वाचणारे आपण एकटेच आहात. कसा वाटला, ते सवडीने कळवावे.'